मोरचुदाचा पंप

"हात वर कर. दोन्ही."

मी हात वर केले.

"आता वळ."

मी वळले.

फवारा पाठीवर बसला तेव्हा आधी गार लागलं. मग मानेवर चुरचुरलं. ब्लीचिंगचा वास नाकातून थेट डोक्यात गेला. मी डोळे घट्ट मिटले होते आणि तोंडावर पदर दाबून धरला होता. गुरुजी पंपाची दांडी वर-खाली करत होते. मधेच हळू आवाजात, माझ्या भल्याचं सांगावं तसं म्हणाले, "चपलांचे तळ दाखव. हा रोग चपलांतून येतो."

मी एका पायावर उभी राहिले. चपलेचा तळ दाखवला. मग दुसऱ्या पायावर.

सकाळची वेळ. वाडीचं फाटक. रस्त्यावरून दूधवाला सायकलवर चालला होता. त्याने पाहिलं, आणि मग समोर बघत निघून गेला.

तो पंप माझ्या ओळखीचा होता. पावसाळ्यात सुपारीला कोळे रोग लागतो. हिरवी फळं सडून गळतात. म्हणून मोरचूद आणि चुन्याचं पाणी कालवून त्या पंपाने झाडांवर मारायचे. पंपाच्या पट्ट्यांवर, नळीवर, सगळीकडे निळे डाग. किती पावसाळे मी तो पंप विहिरीवर धुऊन ठेवला होता. त्या वर्षी वादळाने झाडं आडवी केली. फवारायला काही उरलं नव्हतं. पंप मात्र शाबूत होता.

दिवेआगर आणि श्रीवर्धन यांच्या मधे किनाऱ्याला लागून आमचं गाव. गावाच्या एका टोकाला आमची बौद्धवाडी. समुद्राच्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यातली एक गुरुजींची. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाडीत पाच खोल्या बांधल्या. पुण्या-मुंबईचे पाहुणे यायला लागले. मी तिथे बारा वर्षं काम केलं. चादरी, न्हाण्या, भांडी, अंगण. पावसाळा सरला की सुपारी सोलायची. चूल मात्र काकूंची. काकू म्हणजे गुरुजींची बायको. त्यांच्या हातच्या मोदकांसाठी लोक लांबून यायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत मी भांडी न्यायची. तिथून पुढे त्या घ्यायच्या.

मला चौथीला हेच गुरुजी होते. तळा तालुक्यात, डोंगरात माझं माहेर. तिथल्या शाळेत ते बदलीवर होते. लग्न होऊन मी इकडे आले आणि एकदा बाजारात त्यांनीच मला ओळखलं. "अगं, तू ती ना? एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणायचीस ती?" मला केवढा आनंद झाला होता. त्यांनीच कामाला बोलावलं. म्हणून सांगते, हा माणूस राक्षस नव्हता. राक्षस असता तर मला सोपं गेलं असतं.

माझा पेला न्हाणीच्या खिडकीत असायचा. चहा झाला की मी तो विसळून तिथेच ठेवायची. कोणी कधी "तिथे ठेव" म्हणालं नव्हतं. म्हणायची वेळच मी येऊ दिली नव्हती. बारा वर्षं मला यात काही वाटलं नाही. हे मी लाजेने सांगते आहे, पण खरं आहे.

मग रोग आला. सगळं बंद झालं. काकूंचा फोन आला, "सध्या येऊ नकोस गं. मला दमा आहे, तुला माहीतच आहे. निवळलं की बोलावते." मी म्हटलं, "व्हय काकू." मला वाटलं पंधरा दिवस. फार तर महिना.

माझा नवरा मुंबईत एका हॉटेलात भटारखान्यात होता. रोज दोन-अडीचशे माणसांचं जेवण त्याच्या हाताखालून जायचं. हॉटेल बंद झालं. मालक म्हणाला, गावाला जा, बोलावतो. तो चालत निघाला, मधे एका ट्रकात बसला, मग पुन्हा चालला. सहाव्या दिवशी गावात पोचला. गावाने त्याला शाळेत ठेवलं, चौदा दिवस. मी शाळेच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, डबा ठेवून मागे सरायची, मग तो येऊन उचलायचा. आमची लेक दहावीला होती. ती लांबून हात करायची. तो हात करायचा नाही. नुसता बघायचा.

चौदा दिवसांनी घरी आला तो ओटीवर बसला. बसलाच.

आमच्या वाडीत तेव्हा एकही घर असं नव्हतं की ज्याचं काम टिकलं होतं. कोणी रोह्याकडे कंपनीत ठेकेदाराकडे होतं, त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. कोणी रिक्षा चालवायचं. कोणी लग्नात मांडव घालायचं. कोणी बंदरावर बर्फ फोडायचं. नंदाचा नवरा टेम्पोवर होता. भागीआत्याचा मुलगा कंपनीत. सगळे पुरुष घरात. भर दिवसा पुरुष घरात बसलेले आम्ही कधी पाहिले नव्हते. वाडीत आवाज यायचे ते भांडणाचे. नंतर तेही बंद झाले.

भागीआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची चुलत बहीण. साठीची. मी नवी नवरी होते तेव्हा सुपारी कशी सोलायची ते तिनेच शिकवलं. माझी लेक झाली तेव्हा गाडी मिळाली नाही, तर तिनेच बाळ हातात घेतलं. तिच्याकडे बघून मला वाटायचं, हिने एवढे पावसाळे काढले, आपणही काढू.

आणि मग जूनच्या सुरुवातीला वादळ.

त्याबद्दल फार सांगत नाही. आमच्या घराचे पत्रे गेले. ते कुठे गेले ते आजपर्यंत मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी वाड्यांकडे गेले तर आकाश दिसत होतं. त्या वाड्यांतून मी कधी आकाश पाहिलं नव्हतं. पोफळी एकमेकींवर पडल्या होत्या, वाट कुठे ते कळत नव्हतं. काकू पायरीवर बसून रडत होत्या. मी पण रडले. रडतानाही मला कळत होतं की त्यांचं आणि माझं रडणं एक नाही. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं. तोवर सुपारी सोलायचं काम नाही. वाडी त्यांची होती, नुकसान त्यांचं लिहून घेतलं गेलं. माझं काम गेलं, ते कोणत्या कागदावर लिहितात?

गुरुजींनी मला ताडपत्री दिली. निळी, नवी कोरी. मागितली नव्हती. हाक मारून दिली. तो पावसाळा आम्ही त्या ताडपत्रीखाली काढला.

दिवाळीनंतर पाहुणे यायला लागले. घरात कोंडून कंटाळलेले लोक. काकूंचा फोन आला तेव्हा मी हातातला विळा टाकून धावले. फाटकावर गुरुजी पंप घेऊन उभे होते.

पहिल्या दिवशी मला वाटलं, एवढ्यापुरतं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. "काकूंचा दमा," ते म्हणाले. मी म्हटलं, व्हय गुरुजी. मग रोज. सकाळी फाटकावर थांबायचं, हात वर करायचे, वळायचं, तळ दाखवायचे. ओल्या अंगाने दिवसभर काम करायचं. मानेवर पुरळ उठलं. डोळे लाल राहायला लागले. पेला खिडकीतच होता, आता त्याला कारण मिळालं होतं.

पाहुण्यांचं काय? त्यांच्यासाठी कपाळाला लावायची ती तापाची बंदूक आणली होती. काकूंनी एकदा एका बाईंवर रोखली. त्या बाई म्हणाल्या, "आम्ही काय आजारी दिसतो का?" त्या दिवसापासून बंदूक कपाटात गेली. पाहुणे गाडीतून उतरायचे, थेट झोपाळ्यावर बसायचे. गुरुजी शहाळी फोडून द्यायचे. मी त्यांच्या चादरी काढायची, त्यांनी वापरलेले रुमाल उचलायची, त्यांच्या न्हाण्या घासायची. रोग शहरात होता. शहर गाडीतून येत होतं. मी कितीतरी महिने गावाची वेस ओलांडली नव्हती.

हे मला तेव्हा दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण दिसून काय करू? घरात कामावर जाणारी मी एकटी.

ब्लीचिंगने साडीचा रंग जातो. माझ्या तिन्ही साड्यांवर पांढरे ठिपके पडले. मी वाडीतून चालले की बायका त्या ठिपक्यांकडे बघायच्या. मला वाटायचं कीव करतात. नंदा एकदा बोलली तेव्हा कळलं.

"तुझा बरा हाय बाय," ती म्हणाली. "लुगड्यावर डाग हायत तुझ्या."

ते डाग म्हणजे काम होतं. आमच्या वाडीत त्या डागांचा हेवा वाटत होता. इथवर आलो होतो आम्ही.

नाताळच्या सुट्टीत पाचही खोल्या भरल्या, शिवाय अंगणात तंबू लावले. गुरुजी म्हणाले, "अजून दोघी हव्यात. तुझ्या वाडीतल्या बघ. विश्वासातल्या." मी घरी गेले, तर सांगायच्या आधीच दारात सहा जणी उभ्या होत्या. कुणी सांगितलं कोण जाणे. सहा जणींतून दोघी मी निवडायच्या. मी भागीआत्या आणि नंदाला म्हटलं. उरलेल्या चौघी गेल्या. त्यातल्या एकीने जाताना माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मला ते अजून आठवतं.

सकाळी आम्ही तिघी फाटकावर गेलो. गुरुजींनी पंप माझ्या हातात दिला.

"आता तूच मारत जा यांना," ते म्हणाले. "तू जुनी आहेस. तुझ्यावर सोपवतो."

मला बढती मिळाली होती.

मी काय केलं? पट्टे खांद्यावर चढवले. पंप जड होता, भरलेला. नंदाने हात वर केले. मी मारलं. तिने खोकून तोंड फिरवलं. मग भागीआत्या पुढे आली. तिला हात पूर्ण वर करता येत नव्हते, खांदा धरलेला. तिने जमतील तेवढे उचलले. तिचे सगळे पांढरे केस, नीट तेल लावून बांधलेले. कामाच्या पहिल्या दिवसासाठी ती धुवट लुगडं नेसून आली होती.

माझा हात थांबला. तिला ते कळलं.

"मार गं बाय," ती म्हणाली. "मी डोलं मिटलंत."

मी मारलं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्यावर फवारलं हे सांगता येतं. मी फवारलं, हे तोंडातून निघत नाही. पण ते सोडून बाकीचं सांगितलं तर मी खोटी ठरेन.

संध्याकाळी काम आटोपून आम्ही परत चाललो होतो. मी मागे मागे. भागीआत्या थांबली, माझ्यासाठी. म्हणाली, "तू मारलास ना, म्हनून डोल्यांत न्हाय गेला. गुरुजींनी मारला असता तर गेला असता." आणि हसली. मला बरं वाटावं म्हणून.

त्या वाक्याने मला जे झालं ते गुरुजींच्या फवाऱ्याने कधी झालं नव्हतं. मी नीट मारते. जपून मारते. म्हणून तर पंप माझ्याकडे दिला. माझ्या मायेचा उपयोग होता त्यांना. माझा हात असला की कोणी ओरडणार नाही, कोणी रडणार नाही, गुरुजींना बघावंही लागणार नाही. मी घरी आले, भात टाकला, लेकीला वाढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फाटकावर पोचलो तेव्हा एक पांढरी गाडी नुकतीच आत शिरत होती. सहा माणसं उतरली. मास्क हनुवटीला. त्यातला एक उंच माणूस खोकत होता, गाडीच्या दाराला धरून, वाकून. गुरुजी पुढे गेले. "या, या! रात्रभर प्रवास म्हणजे दमला असाल. आधी शहाळी घ्या."

पंप भिंतीला टेकवून ठेवला होता. भरलेला. भागीआत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती, डोळे मिटून. मी काही म्हणायच्या आत तिने मिटले होते. एका दिवसात शिकली होती ती.

मी पंप उचलला. पट्टा एकाच खांद्यावर घेतला आणि गाडीकडे गेले.

"गुरुजी," मी म्हटलं, "आधी पाव्हन्यांना मारू का आधी आम्हाला?"

सगळे थांबले. खोकणारा माणूससुद्धा. एक बाई म्हणाली, "हे काय आहे? शेतीचं औषध आहे का?" कुणीतरी हसलं.

गुरुजी माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "आत जा. कामाला लाग."

"मी इचारते फक्त. रोग कोनाकडून येतो ते सांगा. त्याला मारते."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? पाहुणे आहेत ते."

"आनि आम्ही?"

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले नाहीत. दुखावल्यासारखे बघायला लागले. "मी तुझं कधी वाईट केलं? वादळात तुझ्या घरावर ताडपत्री कोणी घातली? सांग ना."

ताडपत्री त्यांनीच दिली होती. तिच्याखाली आम्ही झोपलो होतो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "अहो, तिला जाऊ द्या. अशा दहा उभ्या आहेत रस्त्यावर."

"तुम्ही ताडपत्री दिलीत," मी म्हटलं. "ती मी इसरनार न्हाय. पन मी पोफळ न्हाय, गुरुजी. मला कोळे रोग झालेला न्हाय."

मी पंप खाली ठेवला. तो कलंडला. झाकणातून पाणी अंगणात सांडलं, सारवलेल्या जमिनीवर. मी उचलला नाही.

मागे वळले तर भागीआत्या डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती येईल. नंदा येईल. मी फाटकापाशी थांबले. आत्या जवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "मला न्हाय येता येत गं. पोरगा घरात बसलाय." मग ती परत गेली. नंदाने पंप उभा केला, पट्टे चढवले. मी फाटकाबाहेर पडले तेव्हा मागून दांडीचा आवाज येत होता. किर्र किर्र.

मी एकटी घरी आले. कोणी माझ्यामागे आलं नाही. ज्यांनी नकार दिला त्यांच्या मागून लोक निघाले, असं ऐकलंय मी. माझ्या मागून कोणी निघालं नाही.

नवरा ओटीवर होता. मी सांगितलं. तो उठून उभा राहिला. "काम सोडून आलीस? घरात काय हाय ते म्हाईत हाय ना तुला? मला इचारलंस?" कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज चढला होता. मग तो एकदम खाली बसला. म्हणाला, "मला पन मारलेला."

"काय?"

"येताना. एका नाक्यावर. ट्रकातून उतरवला सगळ्यांना. रस्त्यावर उकिडवा बसवला. मोठ्या नळीने मारला. बायका होत्या, पोरा होती." तो जमिनीकडे बघत होता. "मी काय बोललो न्हाय. मी हात जोडलं. ते मारत होते आनि मी हात जोडलं."

म्हणून तो शाळेच्या गडग्यावरून लेकीला हात करत नव्हता. मला आता कळलं. मी त्याच्याशेजारी बसले.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. रेशनचा तांदूळ होता म्हणून मेलो नाही, एवढंच. सकाळी पेज, संध्याकाळी पेज. ओहोटीला मी खाडीत कालवं फोडायला जायची, पण तिथेही निम्मं गाव उतरलं होतं. दुसऱ्या वाड्यांवर काम विचारलं. सगळीकडे बातमी पोचली होती. "तू ती ना, पाहुण्यांसमोर बोललीस ती?" हो म्हटलं की फाटक लागायचं. आमच्याच वाडीतल्या बायका मला म्हणायच्या, "तुझ्यामुलं आमचा पन जाईल." त्यांचं चुकत नव्हतं. मी कधी कधी बसल्या बसल्या ठरवायची, जाते, माफी मागते. दोनदा निघाले. एकदा वळणापर्यंत गेले. पुढे पाय उचलला नाही. तो धीर नव्हता, खरं सांगते. नुसता पाय उचलला नाही.

एक दिवस रेशनचा शिक्का मारून घ्यायला ग्रामपंचायतीत गेले होते. रांग मोठी. बाहेरच्या भिंतीवर निळ्या अक्षरात काहीतरी रंगवलेलं होतं, वर्षानुवर्षं तिथेच. अर्धं पोपडे उडालेलं. रांगेत दुसरं करायला काही नव्हतं म्हणून मी वाचलं. गावातल्या कोणाही मोठ्या माणसाने काम मागितलं तर पंधरा दिवसांत काम द्यायचं. अर्ज घ्यायचा. अर्जाची तारखेसह पोच द्यायची.

मी पुन्हा वाचलं. "मागितलं तर." तिथे "दया आली तर" असं लिहिलेलं नव्हतं.

घरी येऊन लेकीच्या वहीचा कागद घेतला. तिने म्हटलं, मी लिहिते. मी म्हटलं, न्हाय, मी लिहिते. सातवीपर्यंत शिकले होते. अक्षर वाकडं आलं, पण माझं होतं.

ग्रामसेवक म्हणाले, "बाई, ही योजना तिकडे दुष्काळी भागासाठी. आपल्या कोकणात कोणी मागत नाही."

"मी मागते."

"सध्या काम नाही."

"बरं. अर्ज घ्या."

"ठेवून जा."

"पोच द्या."

"पोच कशाला पाहिजे तुला?"

"भिंतीवर लिवलंय."

त्यांनी पोच दिली नाही. मी बाकावर बसले. कार्यालय बंद होईपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. येणारे-जाणारे बघायचे. गुरुजी कशासाठी तरी आले, मला पाहिलं आणि गेले. तरी बसले. तिसऱ्या दिवशी नवरा आला आणि माझ्या बाजूला बसला. ओटी सोडून तो पहिल्यांदाच बाहेर पडला होता. दुपारी भागीआत्या आली. तिच्या हातांची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांवर लाल झालं होतं. सुट्ट्या संपल्या, पाहुणे गेले, गुरुजींनी तिला आणि नंदाला "बोलावतो" सांगून घरी पाठवलं होतं. ती माझ्याकडे बघेना. म्हणाली, "माझा पन लिही."

मी लिहिलं. अंगठा तिने उमटवला.

चौथ्या दिवशी आम्ही सात जण होतो. त्या दिवशी पोच मिळाली. सातही.

आता कोणी म्हणेल, जिंकलात. न्हाय. काम मिळालं ते कार्ड, सही, फोटो, सगळं होऊन उन्हाळ्याच्या तोंडाला. ओढ्यातला गाळ काढायचा. तीन आठवडे केलं. मग रोगाची दुसरी लाट आली आणि तेही थांबलं. त्या लाटेत भागीआत्याचा मुलगा गेला. श्रीवर्धनला नेला, तिथून पुढे नेला, परत आणला नाही. आत्या आता कोणाशी फार बोलत नाही. नवऱ्याला मुंबईतून कोणी बोलावलं नाही. ते हॉटेल आहे की नाही तेही माहीत नाही. तो आता मिळेल तिथे हमाली करतो. ज्याच्या हातचं अडीचशे माणसं जेवायची तो माणूस. लेकीला बारावीनंतर शिकवता आलं नाही, हे मला रोज लागतं.

गुरुजींच्या वाडीत नवीन पोफळी उभ्या राहिल्या आहेत. खोल्या आता आठ आहेत, सगळ्यांत थंड हवेची यंत्रं. लोक म्हणतात, गेला तो काळ, विसरा. काकूंनी मागच्या वर्षी निरोप पाठवला, "ये म्हणावं, झालं गेलं विसरून." मी विचारलं, कोणी विसरायचं?

मी विसरत नाही. माझ्यावर फवारलेलं विसरत नाही आणि मी फवारलेलं तर अजिबात विसरत नाही. दर वर्षी पावसाळा संपला की मी अर्ज लिहायला बसते. आमच्या वाडीतले लिहिते, आदिवासीवाडीतल्या बायका येतात त्यांचे लिहिते. ज्यांना सही येत नाही त्यांना सही शिकवते, मग लिहिते. बहुतेक वेळा काम मिळत नाही. आम्हाला परत पाठवणारे ग्रामसेवक बदलतात, कारणं बदलतात. साहेब नाहीत. निधी नाही. कोकणात मागणी नाही.

मी कागद टेबलावर ठेवते आणि बसते. काम द्या. नसेल तर काम नाही असं लिहून द्या, खाली तारीख घाला, सही करा. तोंडी 'नाही' मी आता घेत नाही.